गुडघा न बदलता पाय सरळ करताना

गुडघेदुखीने बेजार झालेला माणूस डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातात बहुधा फक्त गुडघ्याचा एक्स-रे असतो आणि मनात एकच विचार: आता सांधा बदलावा लागणार. तो एक्स-रे जरा थांबून पाहिला, तर पुष्कळांच्या बाबतीत एक गोष्ट दिसते. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामधली फट आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या गुडघ्याकडच्या बाजूला, जवळजवळ मिटलेली असते. बाहेरच्या बाजूला मात्र ती चांगली मोकळी असते. हाडांच्या टोकांवरची कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून फटीच्या रुंदीवरूनच तिच्या जाडीचा अंदाज करायचा. आत झिजलेली, बाहेर शाबूत. म्हणजे अर्धा सांधा गेलेला आहे आणि अर्धा अजून कामाचा आहे. या उरलेल्या अर्ध्यावर वजन वळवून मूळचा सांधा वाचवता येईल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे तो फार कमी वेळा विचारला जातो.

झीज एकाच बाजूला का होते, ते आधी पाहू. सरळ उभं राहिल्यावर खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेघ ओढली, तर ती गुडघ्याच्या जवळजवळ मधोमध, किंचित आतून जाते. तिला भाररेषा म्हणू. चालताना एक पाय उचललेला असतो, आणि शरीराचं वजन दोन पायांच्या मधे असल्यामुळे ते टेकलेल्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला पडतं. म्हणून निरोगी पायातही गुडघ्यावर येणाऱ्या भारापैकी साधारण ६० ते ७० टक्के भार आतला कप्पा उचलतो. हा भार लहानसहान नसतो, साध्या चालण्यातही तो शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट होतो. आता पाय फेंगडे असतील, म्हणजे घोटे जुळवून उभं राहिल्यावर दोन गुडघ्यांमध्ये अंतर राहत असेल, तर ही रेघ आणखी आत सरकते. चार-सहा अंशांच्या वाकानेही आतल्या कप्प्यावरचा भार ९० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतो. कूर्चा झिजली की पाय आणखी वाकतो, पाय वाकला की रेघ आणखी आत जाते. एका कडेने झिजू लागलेली चप्पल त्याच कडेने झिजत जाते, तसंच हे. शिकागोच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताचे रुग्ण १८ महिने पाहिले गेले. फेंगड्या पायांमध्ये आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली.

हा वाक सगळ्यांनाच म्हातारपणी येतो असंही नाही. बेल्जियममध्ये निरोगी तरुण-तरुणींचे पाय मोजले गेले. २०१२ साली आलेल्या त्या अभ्यासात ३२ टक्के पुरुषांच्या आणि १७ टक्के स्त्रियांच्या पायांत तीन अंश किंवा त्याहून जास्त फेंगडेपणा मुळातच होता. पन्नाशी गाठताना गुडघेदुखीने डॉक्टरांकडे जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांची रेघ विशीपासूनच थोडी आत असते. गोळ्या, मलम, सांध्यातली इंजेक्शनं यांनी दुखणं काही काळ कमी होतं, पण रेघ जागची हलत नाही. मांडीचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम आणि वजन उतरवणं यांचा फायदा खरा आहे आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी. तेवढ्याने भागलं नाही, की हाडाचा विचार करायचा.

वाकडं हाड कापून सरळ करण्याची कल्पना जुनी आहे. फिलाडेल्फियात जॉन ऱ्ही बार्टन यांनी १८२६ साली खुब्याजवळचं हाड कापलं, तेव्हा भूल देण्याची सोयही नव्हती. ग्लासगोत विल्यम मॅकेवन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुडदूस झालेल्या मुलांचे वाकडे पाय अशा शस्त्रक्रियेने सरळ केले आणि १८८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. झिजलेल्या गुडघ्यासाठी ही कल्पना मात्र विसाव्या शतकाच्या मध्यावर आली. इंग्लंडमध्ये जॅक्सन यांनी १९५८ साली त्यावर लिहिलं, आणि अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मार्क कॉव्हेंट्री यांनी १९६५ साली सांगितलेल्या पद्धतीने ती जगभर गेली. कॉव्हेंट्री नडगीच्या हाडातून बाहेरच्या बाजूने पाचरीच्या आकाराचा तुकडा काढून ती फट मिटवत. आज बहुतेक सर्जन उलट करतात. आतल्या बाजूने काप घेऊन तो उघडतात आणि पाय हवा तितका सरळ झाला की धातूच्या पट्टीने धरून ठेवतात. या शस्त्रक्रियेचं रुग्णालयातलं नाव हाय टिबियल ऑस्टिओटॉमी. फाइलवर ‘एचटीओ’ एवढंच लिहिलेलं असतं.

सगळा निर्णय एका फिल्मवर उभा असतो. खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने, दोन्ही पायांवर वजन देऊन, गुडघ्याच्या वाट्या समोर ठेवून काढलेला लांब एक्स-रे. आपल्याकडे त्याला स्कॅनोग्राम म्हणतात. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यावर वजन नसतं, त्यामुळे फट खोटी रुंद दिसते. नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर खुबा आणि घोटा नसतात, म्हणजे रेघच ओढता येत नाही. गुडघ्यावर कोणतीही मोठी शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि हा एक्स-रे काढलेलाच नसेल, तर तो मागावा. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

या फिल्मवर दोन प्रश्नांची उत्तरं शोधतात. पहिला, रेघ गुडघ्यातून कुठून जाते? दुसरा, आणि तितकाच महत्त्वाचा, वाक नेमका कुठे आहे? नडगीच्या हाडाचा वरचा माथा त्या हाडाच्या अक्षाशी आतल्या बाजूने साधारण ८७ अंशांचा कोन करतो, ८५ ते ९० पर्यंत तो ठीक मानतात. मांडीच्या हाडाचं खालचं टोकही बाहेरच्या बाजूने जवळपास तेवढाच कोन करतं. नडगीचा कोन ८० भरला तर दोष नडगीत आहे आणि नडगीच कापायला हवी. नडगी बरोबर असेल आणि मांडीचं हाड वाकलेलं असेल, तर नडगी कापून पाय वरवर सरळ दिसेल, पण सांध्याची पातळी तिरपी होईल आणि चालताना कूर्चेवर घसटणारा जोर येईल. काही जणांत दोन्ही हाडं ठीक असतात आणि झिजलेली कूर्चा व सैल पडलेले अस्थिबंध यांमुळेच सांधा एका बाजूला उघडतो. दुखणं तेच, पण प्रत्येकाचं गणित वेगळं.

समजा एक बावन्न वर्षांच्या बाई आहेत. नडगीच्या माथ्याची रुंदी ७० मिलिमीटर. रेघ आतल्या कडेपासून फक्त ७ मिलिमीटरवर पडते आहे, म्हणजे रुंदीच्या १० टक्क्यांवर. ती कुठे न्यायची? जपानच्या फुजिसावा आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली शस्त्रक्रियेनंतर दुर्बिणीने सांध्याच्या आत पाहून कूर्चेचं काय होतं ते तपासलं होतं. त्यावरून रेघ आतल्या कडेपासून सुमारे ६२ टक्क्यांवर न्यावी, असा दंडक पडला. या बाईंच्या बाबतीत ती जागा ४३ मिलिमीटरवर येते, म्हणजे मध्याच्या ८ मिलिमीटर बाहेर. अलीकडे पुष्कळ सर्जन एवढं लांब जात नाहीत. झीज किती आहे ते पाहून ते रेघ ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात, कारण फार बाहेर नेली तर चांगला कप्पा लवकर झिजतो आणि पायही डोळ्यांना विचित्र दिसतो. जागा ठरली की भूमितीने कोन काढायचा. कोन समजा १० अंश आला आणि कापाची खोली ६० मिलिमीटर असेल, तर आतल्या कडेला हाड १० मिलिमीटरहून थोडं जास्त उघडावं लागेल. हे सगळं आदल्या दिवशी संगणकावर किंवा फिल्मवर मांडून झालेलं असतं.

शस्त्रक्रिया बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून होते आणि साधारण तास-दीड तास चालते. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आतल्या अंगाला चीर घेतात. तिथले स्नायुबंध बाजूला सारतात आणि आतला अस्थिबंध खालच्या भागात मोकळा करतात. तो ताठ राहिला तर हाड उघडूनही आतल्या कप्प्यावरचा दाब उतरत नाही. हाडाच्या मागे गुडघ्याची मुख्य रक्तवाहिनी असते. ती जपण्यासाठी मागे एक संरक्षक पट्टी सरकवलेली असते आणि करवत चालू असेपर्यंत ती हलत नाही. मग सी-आर्मच्या, म्हणजे चालू एक्स-रेच्या, पडद्यावर पाहत दोन तारा हाडात घालतात. त्यांचा रोख नडगीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक हाडाच्या टोकाकडे असतो. त्याच तारांच्या कडेने करवत चालते. पण काप आरपार जात नाही. बाहेरच्या बाजूला सुमारे एक सेंटिमीटर हाड जाणूनबुजून शिल्लक ठेवतात, आणि तेच बिजागरीचं काम करतं. पुढे, वाटीचा स्नायुबंध जिथे हाडाला जोडलेला असतो त्या उंचवट्यामागून दुसरा, वर जाणारा काप घेतात. या दोन पातळ्यांमुळे हाड फिरत नाही आणि भरून येणारा पृष्ठभागही वाढतो.

पुढचा भाग घाईने करण्यासारखा नाही. एकावर एक छिन्न्या सरकवत हाड मिनिटामिनिटाने उघडतात. हाड थोडं लवचिक असतं, वेळ दिला तर वाकतं, जोर केला तर बिजागरीच तडकते. बिजागरी तडकून तडा सांध्यात गेला तर मोठं नुकसान होतं, आणि बाहेर गेला तर हाड जुळायला वेळ लागतो. आणखी एक गोष्ट बाहेरून कुणाच्या लक्षात येत नाही. हाडाचा माथा पुढून मागे नैसर्गिकरीत्या थोडा उतरता असतो. नडगीचा आकार त्रिकोणी असल्याने फट मागे जास्त आणि पुढे कमी उघडावी लागते, पुढची फट मागच्या फटीच्या साधारण निम्मी. दोन्हीकडे सारखी उघडली तर उतार वाढतो आणि पुढच्या अस्थिबंधावर ताण येतो. शेवटी खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक सरळ सळई धरून सी-आर्मवर पाहतात, ती गुडघ्यातून ठरल्या जागीच जाते का. जात असेल तर पट्टी लावतात.

या पट्टीने या शस्त्रक्रियेला नवं आयुष्य दिलं. पूर्वी हाड स्टेपल लावून धरत आणि मग महिना-दीड महिना प्लास्टर असे. गुडघा आखडे, आणि कधी कधी केलेली दुरुस्तीही बिघडे. २००० च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि जर्मनीतल्या सर्जनांनी लॉकिंग प्लेट आणली. तिचे स्क्रू पट्टीतच आट्यांनी घट्ट बसतात, त्यामुळे हाडाची फट उघडी असतानाही बांधणी ढळत नाही. प्लास्टरची गरज उरली नाही. फट लहान असेल तर ती तशीच सोडली तरी भरून येते. मोठ्या फटीत कमरेच्या हाडातला तुकडा किंवा कृत्रिम हाड घालतात.

दुसऱ्या दिवसापासून गुडघा वाकवणं सुरू होतं. पहिले दोन आठवडे वॉकर किंवा कुबड्या घेऊन पाय नुसता टेकवायचा, मग हळूहळू वजन वाढवायचं. साधारण सहा आठवड्यांच्या आसपास बहुतेकांना पूर्ण वजन देता येतं. फट एक्स-रेवर भरलेली दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही. इथे तंबाखूचा विषय टाळता येत नाही. निकोटिनमुळे हाडाला रक्त कमी पोचतं आणि जुळणं लांबतं. आपल्याकडे विडी-सिगारेटला हात न लावणाऱ्या कितीतरी बायका रोज मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारलं तर तंबाखू घेत नाही म्हणून सांगतात. मिश्री तंबाखूचीच असते. शस्त्रक्रियेआधी काही आठवडे आणि हाड जुळेपर्यंत ती बंद ठेवायलाच हवी.

इतर धोकेही स्पष्ट सांगायला हवेत. जंतुसंसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी, हाड न जुळणं, पोटरीत दाब वाढणं, क्वचित रक्तवाहिनीला किंवा नसेला इजा. पट्टी कातडीच्या अगदी खाली असल्याने बारीक अंगाच्या माणसांना ती टोचते, आणि वर्ष-दीड वर्षाने काढून टाकावी लागते. म्हणजे पुष्कळदा दोन शस्त्रक्रियांची तयारी ठेवावी लागते. हे आधीच समजलेलं बरं.

ही शस्त्रक्रिया कुणासाठी, हे आता सांगता येईल. वय साधारण साठ-पासष्टच्या आत, झीज एका बाजूला, दुसरी बाजू चांगली, गुडघा बऱ्यापैकी वाकणारा आणि जवळजवळ पूर्ण सरळ होणारा, आणि पायात खरा वाक. आमवातासारख्या, संपूर्ण सांधा सुजवणाऱ्या आजारात ही शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण तिथे शाबूत बाजू उरतच नाही. आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा असे तिन्ही कप्पे झिजलेले सत्तरीतले आजोबा असतील, तर सांधा बदलणं हीच उत्तम शस्त्रक्रिया आहे आणि ती पुढे ढकलण्यात शहाणपण नाही. आजचा कृत्रिम सांधा बहुसंख्य लोकांत वीस वर्षांहून जास्त टिकतो. पण वय कमी असेल तर हिशेब बदलतो. ब्रिटनमधल्या नोंदींवरून २०१७ साली निघालेला आकडा असा: सत्तरीनंतर सांधा बदललेल्यांत तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्यांदा सांधा बदलणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. शेतात राबणारा, गवंडीकाम करणारा, जिने चढून घरकाम करणारा माणूस याच वयात असतो. त्याचा स्वतःचा सांधा दहा-पंधरा वर्षं वाचला, तर तो काळ त्याच्या कमाईचा असतो.

तो वाचतो का? कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातून २०२१ साली आलेल्या अहवालात ही शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे साडेपाचशे रुग्णांचा पाठपुरावा होता. पाच वर्षांत ५ टक्के आणि दहा वर्षांत २१ टक्के गुडघे अखेर बदलावे लागले, बाकीचे स्वतःच्याच सांध्यावर चालत होते. दुखणं साफ जाईल असं वचन कुणी देऊ नये. ते बरंच कमी होतं आणि झीज मंदावते. काहींच्या झिजलेल्या भागावर तंतुमय कूर्चेचा नवा थरही आलेला पुढच्या दुर्बीण-तपासणीत दिसला आहे, मात्र तो मूळच्या कूर्चेइतका टिकाऊ नसतो. जमिनीवर मांडी घालून बसता येईल का, हा आपल्याकडे हमखास येणारा प्रश्न. सांधा आणि त्याचे अस्थिबंध स्वतःचेच राहिलेले असल्यामुळे, हाड पूर्ण जुळल्यावर डॉक्टर याबाबत पुष्कळ मोकळीक देतात. शस्त्रक्रियेआधी गुडघा जितका वाकत होता, त्याच्या आसपासच तो नंतर वाकतो. आधीच आखडलेला गुडघा यातून मोकळा होत नाही.

वाक फार मोठा असेल तर एका कापाने भागत नाही. नडगीतूनच पंधरा-वीस अंश सरळ करायला गेलं तर सांध्याची पातळी तिरकी होते, म्हणून मांडीचं हाड आणि नडगी अशा दोन ठिकाणी थोडी थोडी दुरुस्ती करतात. नडगीचा माथाच आतल्या बाजूने खचलेला असेल, तर जपानमध्ये वापरली जाणारी एक पद्धत आहे. त्यात इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखा काप सांध्याच्या मध्यापर्यंत नेऊन फक्त खचलेली बाजू वर उचलतात, त्यामुळे डुगडुगणारा सांधा स्थिरही होतो. पायात वाकाबरोबर पीळ असेल किंवा पाय आखूड असेल, तर बाहेरून बसवायची कड्यांची चौकट वापरतात. ती सैबेरियातल्या कुर्गान गावी गाव्हरिल इलिझारोव्ह यांनी १९५० च्या दशकात घडवली. हाड कापून दोन टोकं दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, लांब नेली तर मधे नवं हाड तयार होतं, हे त्यांनी दाखवलं. इटलीचे गिर्यारोहक कार्लो माउरी अनेक वर्षं न जुळलेली नडगी घेऊन १९८० साली कुर्गानला गेले आणि बरे होऊन परतले, तेव्हा कुठे पश्चिमेकडचे डॉक्टर या पद्धतीकडे वळले. चौकटीचा फायदा असा की पाय जागेपणी, हळूहळू, पुन्हा पुन्हा एक्स-रे काढत सरळ करता येतो. तोटा असा की काही महिने ती पायावर वागवावी लागते आणि तारांच्या जागा रोज स्वच्छ ठेवाव्या लागतात.

नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे चौकटीचाच वेगळा उपयोग झाला. हाड न कापता सांध्याचे दोन भाग सुमारे पाच मिलिमीटर एकमेकांपासून दूर धरून दीड-दोन महिने ठेवले, आणि कूर्चेला विसावा मिळाल्यावर फट वाढलेली दिसली. कल्पना मोलाची आहे, पण हे अजून मोजक्याच ठिकाणी होतं.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे ‘बारीक हाड कापून गुडघेदुखी घालवा’ अशा जाहिराती दिसतात. चीनमधून २०१५ च्या सुमारास आलेल्या या पद्धतीत बाहेरच्या बारीक हाडाचा छोटा तुकडा काढतात. चीर लहान, खर्च कमी, चालणं लगेच. पण यात नडगी जशीच्या तशी राहते आणि वाकलेला पाय वाकलेलाच राहतो. काहींचं दुखणं कमी होतं हे खरं, पण फायदा किती आणि किती काळ, याचा पुरावा तोकडा आहे. शिवाय पाऊल वर उचलणारी नस तिथूनच जाते. पाय सरळ करणाऱ्या शस्त्रक्रियेच्या जोडीला बसवून ही विकली जाते, ते मला अजिबात पटत नाही.

पुढे कधी सांधा बदलायची वेळ आलीच, तर आधीच्या शस्त्रक्रियेमुळे तो दरवाजा बंद होत नाही. काम थोडं अवघड होतं, एवढंच: जुनी चीर, बदललेला उतार, आणि पट्टी आत असेल तर ती आधी काढणं. म्हणून ऑपरेशनची नोंद, पट्टी आणि स्क्रू यांच्या पाकिटावरची स्टिकरं, आधीचा आणि नंतरचा स्कॅनोग्राम हे सगळं एका पाकिटात जपून ठेवावं. पट्टी कोणत्या कंपनीची आहे हे कळलं नाही, तर तिचे स्क्रू काढायला लागणारा नेमका पाना शोधण्यातच पुढच्या सर्जनचा वेळ जातो, आणि तेव्हा रुग्ण टेबलावर असतो.